संपाविरुद्ध आमच्या सोसायटीचा ठराव

आमच्या सोसायटीत अठ्ठावीस घरं आहेत. अंधेरी पूर्वेला, साकीनाक्याच्या अलीकडे, विमानं उतरतात त्या वाटेच्या बरोबर खाली. इथे आम्ही बोलता बोलता दहा-बारा सेकंद थांबतो आणि विमान पुढे गेलं की त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करतो. पाहुण्यांना वाटतं, घरात काहीतरी बिनसलंय.

या सोसायटीची मी सेक्रेटरी. नोकरी एका विमा कंपनीच्या आकडेवारी विभागात. त्यामुळे ‘सगळे’, ‘कोणीच नाही’, ‘हल्लीचे लोक’ असं काही ऐकलं की लगेच मनात येतं, म्हणजे किती? नवरा म्हणतो, “आमटी खारट झालीय म्हटलं तर ही विचारते, किती चमचे खारट.”

मी सांगतेय ती गोष्ट काही वर्षांपूर्वीची. सरकारी विमान कंपनी तेव्हा अजून सरकारचीच होती आणि तिचं काय करायचं ते ठरत नव्हतं. विकणार, नाही विकणार, अर्धी विकणार. कर्मचाऱ्यांच्या बढत्या अडकलेल्या, माणसं कमी, ड्युट्या जास्त. शेवटी युनियनने संपाची नोटीस दिली. तीन आठवड्यांनी येणाऱ्या शुक्रवारपासून काम बंद.

ही बातमी ज्या रविवारी पेपरात आली, त्याच दिवशी आमची वार्षिक सभा होती. सभेला किमान एकोणीस सभासद लागतात, आले सतरा. अशा वेळी नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग आहेत तेवढ्यांत घ्यायची. आमच्याकडे हे दरवर्षी होतं. त्या अर्ध्या तासात लोक चहा पितात आणि देश चालवतात.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ औषध कंपनीच्या विक्री विभागात आहेत, महिन्यातून चारदा विमानात असतात. ते म्हणाले, “वाट लावलीय यार या लोकांनी. आधीच कंपनी डबघाईला आलेली, वर यांचा संप. सगळी पब्लिक वैतागलीय.”

आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, “आम्ही काय कमी संप केले?”

“तेव्हापण पब्लिक वैतागायची, काका.”

“सगळी नाही रे. अर्धी.”

“अर्धी म्हणजे किती?” मी विचारलं. माझ्या हातात हजेरीचा कागद होताच. “मोजून टाकू या ना.”

हात वर करायचे ठरले. एक घर, एक मत. पहिल्या मजल्यावरच्या नवरा-बायकोंनी दोन वेगवेगळ्या बाजूंना हात वर केले, तेव्हा मला सांगावं लागलं की फ्लॅट वहिनींच्या नावावर आहे. भाऊंनी हात खाली घेतला आणि म्हणाले, “घरी असंच असतं, इथे निदान कारण कळलं.”

आमच्या समोरच्या दारात राहणारा माणूस त्याच विमान कंपनीत आहे. विमानतळावर व्हीलचेअरचे आणि एकटे म्हातारे प्रवासी उतरवून घ्यायचं काम त्याच्याकडे. सभेत तो माइक जोडायला आला होता. त्यानेही हात वर केला.

मी म्हटलं, “तुमचं मत धरता येणार नाही. तुम्ही भाडेकरू.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला आणि माइकची वायर सरळ करायला लागला.

निकाल असा लागला: संप अयोग्य म्हणणारी घरं अकरा, योग्य म्हणणारी चार, तटस्थ दोन. मी जरा खोलात विचारलं. अकरांपैकी आठ जणांच्या घरात पुढच्या दोन महिन्यांतलं कुठलं ना कुठलं विमानाचं तिकीट काढलेलं होतं. योग्य म्हणणाऱ्या चौघांपैकी तिघांनी स्वतः कधी ना कधी संप केला होता आणि चौथे विमानात कधी बसलेच नव्हते. एवढ्यावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. पण कागदावर ते शेजारी शेजारी छान दिसत होतं.

अकरांत माझंही घर होतं, आणि माझ्याकडेही तिकीट होतं. माझ्या मुलीचा साखरपुडा संप सुरू होत होता त्याच आठवड्यातल्या रविवारी, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये ठरला होता. सासूबाई चार महिने नणंदेकडे नागपूरला होत्या. दोन्ही गुडघे गेलेले, रेल्वेत रात्रभर बसणं त्यांना शक्य नाही. त्यांना मी शुक्रवार दुपारचं सरकारी विमानाचं तिकीट काढलं होतं, कारण त्यांचा हट्ट, “सरकारचा असात तर जाईन.” नातीच्या साखरपुड्याला आजी नसेल तर मुलगीच तारीख पुढे ढकला म्हणणार, हे मला ठाऊक होतं. आणि मुलाकडचे दुसऱ्या आठवड्यात परदेशी परत जाणार होते.

इथपर्यंत चूक झालेली नव्हती. चूक मी इतिवृत्त लिहिताना केली.

सभेत जे झालं ते सगळं लिहायचं, ही माझी सवय. मतमोजणी झाली होती, म्हणजे ती लिहायला हवी. आमच्या इतिवृत्ताचा साचा ठरलेला आहे: विषय, सूचक, अनुमोदक, ठराव. मी विषय क्रमांक अकरा केला, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. त्याखाली लिहिलं: ‘विमान कर्मचाऱ्यांचा नियोजित संप अयोग्य आहे. अकरा विरुद्ध चार मतांनी मंजूर.’ सूचक तिसरा मजला. अध्यक्षांनी न वाचता सही केली. मी एक प्रत जिन्याखालच्या फलकावर लावली आणि एक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर समोरचा फलकासमोर उभा.

“सेक्रेटरी मॅडम, माझ्याविरुद्ध ठराव झाला म्हणे. छताच्या गळतीच्या खालोखाल आहे.”

मी पुन्हा वाचलं आणि माझे कान गरम झाले. विषय दहा, छताची गळती. विषय अकरा, तो. “अहो, ती नुसती मोजणी होती. ठराव असा नव्हता.”

“मग काढून टाका.”

“इतिवृत्त असं काढता येत नाही. पुढच्या सभेत दुरुस्ती करता येते.”

“म्हणजे वर्षभर मी अयोग्य.” तो हसला, त्यामुळे मला जास्त लागलं. “मोजणीत मला धरलं नाहीत त्याचं काही नाही, वहिनी. कंपनी विकायची की ठेवायची, तेही आम्हाला कोणी विचारलं नाही. सवय आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून फोन आला. सासूबाई ग्रुपमध्ये आहेत हे माझ्या ध्यानातच नव्हतं. नणंदेने त्यांना इतिवृत्त पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं होतं, पाण्याच्या टाकीच्या साफसफाईसकट.

“गो, ह्या अकरात आपला घर खंयच्या बाजूक?”

“अयोग्यच्या, आई.”

“फ्लॅट कोणाच्या नावार आसा?”

फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे. त्या मुख्य सभासद, मी सहयोगी. मुख्य सभासद गैरहजर असेल तर सहयोगीने मत द्यावं असा नियम आहे, आणि मी तो पाळला होता. मी तो त्यांना सांगितलाही.

“नियम माका नको सांगू. माझा मत तू कित्याक दिलंस? तुझो सासरो गिरणीत होतो. संपात आम्ही पेज खाल्ली, पण कामावर गेलेल्या माणसाच्या घरचा पाणी पियालो नाय. आता संपाच्या दिवशी मी त्या विमानात बसू? मी येवची नाय.”

“आई, साखरपुडा आहे.”

“ठाऊक आसा. लाडू करून धाडतंय.”

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, “आईने एकदा नाही म्हटलं की संपलं.” मुलगी म्हणाली, “आजी नाही तर तारीख बदला.” मी त्या दिवशी ऑफिसात दोन तक्ते चुकवले. चोवीस वर्षांत मी दोन तक्ते एका दिवशी चुकवलेले नव्हते.

दुसऱ्या, खासगी कंपनीच्या विमानाचं सुचवून पाहिलं. “सरकारच्या माणसांचो संप आणि मी शेटच्या विमानात बसू? ता तर आणखी वाईट,” म्हणाल्या. हे तर्काला धरून होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

शेवटी लाज गिळून समोरचं दार वाजवलं. ज्याच्याविरुद्ध ठराव केला त्याच्याकडेच. त्याच्या बायकोने पोहे पुढे ठेवले, आणि मी सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता मध्येच विमान आलं, आम्ही तिघं गप्प बसलो. विमान गेल्यावर तो म्हणाला, “संप शुक्रवारपासून. गुरुवारी तर आम्ही सगळे कामावर. तिकीट एक दिवस अलीकडे घ्या.”

इतकं साधं होतं. तीन दिवस मी शुक्रवारचं विमान उडेल का, किती टक्के शक्यता, संप मागे घेतील का, याचा हिशोब करत होते आणि गुरुवार मला सुचला नव्हता.

“पण आई मानायला हव्यात.”

“लावा फोन,” तो म्हणाला. मी स्पीकरवर लावून दिला, तसा तो त्यांना म्हणाला, “आजी, मी समोरचा. ठराववाला. हो, तोच. गुरुवारी माझी सकाळची ड्युटी आहे, तीनला सुटते. तुमचं विमान दोन चाळीसला उतरतं. तुम्हाला उतरवून घेतो आणि मग संपावर जातो. तुम्ही माझ्या शेवटच्या पॅसेंजर.”

मग सासूबाई म्हणाल्या, “गुरुवारी कोण संपार नाय ना? नक्की?”

“माझ्या पोराची शपथ.”

“मग येतंय. पण सुनेक सांग, माझा मत बदल.”

“आई, दिलेलं मत बदलता येत नाही,” मी म्हटलं.

“मग माका पण बदलता येत नाय.”

मी रात्रभर उपविधी चाळले असं नाही, पण अर्धा तास चाळले. मुख्य सभासदाला लेखी आक्षेप नोंदवता येतो. मी तो नणंदेला सांगून कागदावर लिहवून घेतला, त्याचा फोटो मागवला, छापला आणि इतिवृत्ताच्या खाली फलकावर चिकटवला. ‘माझ्या गैरहजेरीत माझ्या घराचे मत माझ्या इच्छेविरुद्ध नोंदवले गेले. माझे मत संप योग्य असे आहे.’ त्याखाली सासूबाईंची थरथरती सही. शेजारी मी माझ्या हाताने लिहिलं: ‘आक्षेप मिळाला. हे घर उलट धरल्यास दहा विरुद्ध पाच.’ तिसरा मजला ते वाचून म्हणाला, “वहिनी, तुमच्या घरातच फूट पडली.” मी म्हटलं, “तुमच्या घरात विचारून पाहा.” तो वर गेला तो दुसऱ्या दिवसापर्यंत खाली दिसला नाही.

गुरुवारी विमान दोन चाळीसला उतरलं नाही. नागपूरहूनच उशिरा निघालं आणि चार वाजून पाच मिनिटांनी उतरलं. मी आणि नवरा बाहेर उभे. तीन वाजले तेव्हा नवरा म्हणाला, “गेला असणार तो. ड्युटी संपली.” सव्वातीन झाले, साडेतीन झाले. चार पंचवीसला दार उघडलं आणि समोरचा व्हीलचेअर ढकलत बाहेर आला. सासूबाईंच्या मांडीवर लाडवांचा डबा.

“एक तास पंचवीस मिनिटं जास्त थांबलात,” मी म्हटलं.

“तुम्ही मोजणारच,” तो म्हणाला.

घरी आल्यावर सासूबाई लिफ्टकडे जाईनात. आमच्याच टॅक्सीतून आलेल्या समोरच्याच्या हाताला धरून त्या आधी फलकाकडे गेल्या. चष्मा पुसून स्वतःचा आक्षेप वाचला, मग माझी ओळ वाचली.

“दहा आणि पाच. हरलोच मगे.”

“हो, आई.”

“हरूंदे. मोजान हरलो ना?” मग त्या मान वळवून समोरच्याला म्हणाल्या, “रे, तुझा मत खंय लिवला?”

“मी भाडेकरू, आजी.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमांचा विचार केला. भाडेकरूचं मत धरता येत नाही, त्यात शंका नाही. पण सभेत काय काय घडलं ते लिहायला कुठलीच हरकत नाही, आणि त्याने हात वर केला होता, हे घडलं होतं. मी पर्समधून पेन काढलं आणि खाली एक ओळ वाढवली: ‘मतदानाचा अधिकार नसलेल्या एका रहिवाशाने संपाच्या बाजूने हात वर केला होता.’ सही, तारीख. त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि डबा उचलून लिफ्टचं दार धरलं.

शुक्रवारी संप झाला. डोक्यावरून विमानं जातच होती, पण ओळखीच्या शेपटीचं एकही नाही. मी गच्चीत कपडे वाळत घालताना पाहिलं. शनिवारी संध्याकाळी काहीतरी बोलणी झाली आणि सोमवारपासून कामावर यायचं ठरलं. रविवारी समोरचा मोकळाच होता. त्याने हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या लावल्या, माइक जोडला, होणाऱ्या जावयाच्या आजोबांना गाडीतून उतरवून घेतलं, आणि जेवणाच्या पंक्तीत सगळ्यात शेवटी बसला.

“संपावर असलेला माणूस एवढं काम करताना पहिल्यांदा पाहिला,” तिसरा मजला म्हणाला आणि त्याच्या पानात स्वतःच्या हाताने जिलेबी वाढली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “वहिनी, आता पुन्हा मोजा बघू हात. आकडा बदलेल.”

सासूबाई मधल्या खुर्चीवरून ऐकत होत्या. आजूबाजूच्या दोन-तीन जणांनी हात वरही केले.

“आज विषयपत्रिकेवर नाही,” मी म्हटलं, आणि पुढच्या पानात जिलेबी वाढायला गेले.