मामाजींचा दोन वायरींचा दिवा

गाडी सुरू झाली नाही की आमच्या मामाजींना कोण आनंद व्हायचा! मामाजी म्हणजे माझे सासरे, सौंसरच्या तहसील कचेरीतून रिटायर झालेले. सदऱ्याच्या बाह्या दुमडून ते आपल्या जुन्या गाडीचं बोनेट उघडायचे आणि खिशातून दिवा काढायचे. एक बल्ब, त्याला दोन वायरी, बस. करंट पोचला की पेटणार, नाही पोचला की नाही. मिस्त्रीला बोलवायचं नाव नाही. शेजारी येऊन 'सेल्फ गेला असेल', 'स्विच गेला असेल' म्हणू लागले, की मान वर न करता म्हणायचे, "आधी करंट कुठं अडून राहिला ते पाय. मंग नाव घे कोणाचं."

मला हे वाक्य फार आवडायचं. म्हणूनच त्या सकाळी जास्त लागलं.

पांढुर्ण्याला माझ्या धाकट्या भावाचं साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा. त्याला ओवाळायचं मी, एकुलती बहीण. नटूनथटून सगळे गाडीत बसलो. मामाजींनी चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्. गल्लीतली माणसं जमली. आणि बोनेटला हातही न लावता मामाजी मोठ्यानं म्हणाले, "काल सूनबाईनं नेली होती जामसांवलीले, मारुतीच्या दर्शनाले. लाइट चालू ठेवला असन. झाली ना बॅटरी डाउन!"

"नाही हो मामाजी, मी बंद केला होता," मी म्हटलं. पण ऐकतंय कोण!

बसनं पोचलो तोवर टिळा लागून गेला होता. माझ्या जागी चुलत बहिणीनं ओवाळलं होतं. आईनं काही विचारायच्या आत सासूबाईंनीच भर मांडवात सांगून टाकलं, "तुमच्या लेकीनं लाइट चालू ठेवला न रात्रभर." धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मामाजी घरीच राहिले होते. संध्याकाळी मी परतले तेव्हा ते गाडीपाशीच उभे. "चावी फिरव," म्हणाले. मी घुश्श्यातच बसले. त्यांनी एक वायर गाडीच्या पत्र्याला लावली आणि दुसरी बॅटरीवरच्या शिशाच्या खुंटीला. मी चावी फिरवली तरी दिवा लख्ख. मग तीच वायर खुंटीवर कसलेल्या पट्टीला लावली, जिथून करंट पुढं गाडीत जातो. चावी फिरवली, आणि दिवा विझला. म्हणजे बॅटरी भरलेली होती. करंट खुंटी आणि पट्टीच्या मध्येच अडत होता.

त्यांनी पट्टी सोडवली. आत शेंदूर, तेलात कालवलेला, चांगला दाट. जामसांवलीहून मीच आणलेला. शुभकार्याला निघायचं म्हणून सकाळी मामाजींनी पट्टी काढून भक्तिभावानं खुंटीला टिळा लावला होता.

"गाडीचा जीव इथंच असते ना," ते पुटपुटले. शेंदरी झालेलं बोट लेंग्याला पुसत राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "चाल, पांढुर्ण्याले." घरात पाहुणे अजून होते, सासूबाईंचं बोलणं ऐकलेले सगळे. बसा म्हटलं तरी मामाजी बसले नाहीत. माझ्या वडिलांसमोर उभे राहून म्हणाले, "इवाईबुवा, तुमच्या पोरीनं लाइट बंद केला होता. शेंदूर म्या लावला, अन् न पाहता बोलून गेलो. पोरीचं ओवाळणं गेलं माझ्यापाई."

रात्रभर मला हेच हवं होतं, सगळ्यांसमोर. पण ते पांढरं डोकं खाली गेलेलं पाहिलं आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

त्यानंतर दर दसऱ्याला गाडीच्या पूजेचं ताट ते माझ्या हातात द्यायचे आणि हात मागे बांधून लांब उभे राहायचे. "तूच लाव. माह्या हातचं नको." अहो मामाजी, पुरे आता, किती वेळा म्हटलं असेल मी! हसायचे नाहीत.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. यंदा दसऱ्याला बोनेटवर टिळा लावला आणि सवयीनं मागं वळून पाहिलं. मग गाडीच्या खणातून त्यांचा दिवा काढला, त्यालाही टिळा लावला. वायरींची टोकं तेवढी कोरी सोडली.