जावेच्या डोळ्यातलं भिंग

मोतीबिंदूने माझी नजर अधू झाली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते आणि वाशीतल्या एका शाळेत चौथीला शिकवत होते. फळ्यावर मीच मांडलेली बेरीज मला धुक्यातून पाहिल्यासारखी दिसायची. डॉक्टर म्हणाले, "अजून कच्चा आहे. पिकू द्या." दोन वर्षं मी तो पिकायची वाट पाहिली. मग ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्ट्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याचंही तसंच.

त्यानंतर मिळाला तो चष्मा. बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. चहा कपात ओतायला जावं तर तो बशीत पडायचा. दारं बाजूने अचानक अंगावर यायची. वर्गातली पोरं माझे मोठे झालेले डोळे बघून हसू दाबायची. एकदा जिन्यात पाय चुकला आणि मी मुदतीआधीच नोकरी सोडली.

माझी धाकटी जाऊ आमच्याच बिल्डिंगमध्ये, समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. दोघा भावांनी मुंबईतली खोली सोडून इथे एकदमच घरं घेतली होती. ती स्वभावाने चांगली. माझ्याकडून सांडलेला चहा न बोलता पुसायची. चार-पाच वर्षांनी तिलाही मोतीबिंदू निघाला आणि खोटं कशाला सांगू, मला जरा बरं वाटलं. आता हिलाही कळेल.

पण ती मुंबईच्या डॉक्टरांकडून आली ती हसतच.

"ताई, आता पिकायची वाट बघत नाहीत म्हणे. आणि डोळ्याच्या आतच छोटं भिंग बसवतात. जाड चष्मा नाही!"

"आत? डोळ्यात?"

"हो. दोन दिवसांत घरी."

मी गॅसजवळ उभी होते. आतून काहीतरी करपल्यासारखं झालं. माझी दोन वर्षं, माझी नोकरी, त्या वाळूच्या पिशव्या. आणि हिला दोन दिवस! तोंडातून निघून गेलं, "जपून हं. आमच्या शाळेतल्या एका बाईच्या बहिणीने बसवून घेतलं होतं. आत सडलं. डोळाच काढावा लागला."

अशी कुणी बाई नव्हती. मी ती तिथल्या तिथे रचली.

जाऊ घाबरली. ऑपरेशन पुढे ढकललं. दिरांनी समजावलं, तरी ती म्हणायची, "ताई खोटं कशाला सांगतील?" असे चार महिने गेले. मग एका सकाळी पातेलं नीट न दिसल्याने उकळतं दूध तिच्या हातावर सांडलं. तिच्या हाताला मीच मलम लावलं. सांगून टाकावं असं तेव्हा खूप वाटलं, पण जीभ उचलली नाही. त्याच आठवड्यात दीर तिला जवळजवळ ओढूनच ऑपरेशनला घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी ती गॅलरीत उभी राहून खालच्या बसची पाटी वाचत होती. मग वळून माझ्याकडे नीट पाहत म्हणाली, "ताई, तुम्ही किती दमलेल्या दिसता हो."

त्या रात्री मी जेवले नाही.

तिच्या तपासणीला मी मुद्दाम सोबत गेले. तिचं झाल्यावर डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "माझ्या डोळ्यांतही बसवा." आवाज भांडल्यासारखाच निघाला असणार. त्या तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी मला एका यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात थेंब घातला, निळा उजेड पाडला.

"भिंगाचं राहू द्या. तुमच्या डोळ्यांतला दाब फार वाढलाय. काचबिंदू आहे."

"पण मला काही दुखत नाही."

"दुखत नाही, म्हणूनच कळत नाही. आधी कडेची नजर जाते. कडेचं दिसत नव्हतं का?"

दारं अंगावर यायची, ती मी सगळी चष्म्याच्या माथी मारली होती.

"गेलेली नजर परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "उरलेली टिकवू. आता चांगले थेंब आलेत. सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस चुकवायचा नाही. अजून वर्षभर आला नसतात तर अवघड होतं."

परतीच्या बसमध्ये जावेने माझा हात धरला. तो मला सोडवून घ्यावासा वाटत होता. मी काळजीने नाही, हेव्याने तिच्याबरोबर गेले होते, आणि त्या हेव्यानेच माझे डोळे वाचवले होते. हे कुणाला सांगायचं?

थेंब घालणं मला एकटीला जमेना. चष्मा काढला की बाटली दिसायची नाही, चष्मा घातला की थेंब काचेवर. मुलं नोकरीला परगावी, यांचे हात थरथरायचे. म्हणून रोज दोन वेळा जाऊ यायची. मी मान मागे टाकून बसायचे, ती एका बोटाने पापणी खाली ओढायची आणि बरोबर एकच थेंब पडायचा. तिच्या त्या अचूकपणाचाही मला हेवा वाटायचा.

दीडेक महिन्याने एका संध्याकाळी, डोळे मिटलेले असताना, मी बोलले. "ती बाई... जिचा डोळा काढला... अशी कुणी नव्हती. मी रचलं होतं."

टेबलावर बाटली ठेवल्याचा आवाज आला. मग दार लागल्याचा.

दुसऱ्या सकाळी ती आली नाही. यांनी प्रयत्न केला. तीन थेंब गालावर गेले. संध्याकाळी मी तशीच बसून राहिले, बेल वाजेल म्हणून कान देऊन. अंधार पडल्यावर ती आली. हात धुतले, माझी मान मागे केली, जरा जोरातच.

"भाजलेला हात महिनाभर दुखत होता माझा," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"वर बघा."

थेंब पडला. त्यानंतर काही दिवस ती कामापुरतंच बोलायची. पुढे हळूहळू भाजीचे भाव, सोसायटीची भांडणं, मुलांची पत्रं असं बोलणं सुरू झालं. माझी उरलेली नजर टिकली. तिला चष्म्याशिवाय बसची पाटी वाचताना पाहिलं, की मला अजूनही आत कुठेतरी टोचतं.