हळदोबाच्या टाक्यातलं पाणी

सुट्टीच्या दिवशी डोंगरावर माणसं आली की मला शिसारी येते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की गुरुजी उगीच नाक मुरडतात. मी सांगलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि मला घाणीचं वावडं आहे. सहलीच्या गाडीत एखादं पोर ओकलं तर मी खाली उतरून रस्त्याकडेला उभा राहतो. पोराला दुसरं कुणीतरी धरतं. गटार, उष्टं, ओला कचरा, कुणाच्या तरी तोंडातून पडलेलं काहीही मला बघवत नाही. माझी बायको दीपमाला म्हणते, तुमचा जन्म इस्पितळातच व्हायला हवा होता. झालाय तिथंच, पण ते असो.

डोंगराचं वेड आमच्या घरात आणलं राजमती काकूंनी. काकू म्हणजे माझ्या सन्मतीकाकांच्या पत्नी. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून काकांच्या पश्चात मीच त्यांचा मुलगा. वय एकाहत्तर. सांगलीपासून अर्ध्या तासावर, कृष्णाकाठच्या गावात जुन्या घरी एकट्या राहतात. घरामागं आड आहे, त्याचंच पाणी पितात. गावात नळ येऊन कैक वर्षं झाली, पण नळाचं पाणी त्यांना चालत नाही. कारण ऐकण्यासारखं आहे. आम्हां जैनांत पाणी दुपदरी फडक्यानं गाळून पितात. पण काकू तिथं थांबत नाहीत. गाळून झालं की ते फडकं गाळलेल्याच पाण्यानं उलटं खळखळायचं आणि ते पाणी, त्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसकट, जिथून घेतलं तिथंच हळू सोडायचं. वरून ओतायचं नाही, पोहरा पाण्याला टेकवून सोडायचं.

"नळात कसं सोडायचं रं परत?" त्या मला विचारतात. "तोटी तर एकाच अंगाला वाहती."

मी माझ्यापुरता नळाचाच पेला भरून घेतो.

काका एसटीत कंडक्टर होते, सातारा विभागात. त्यांच्या गाडीचा शेवटचा थांबा हळदोबाची वाडी. वाडीवरून दीड तास चढलं की हळदोबाचं ठाणं आणि त्याच्या मागं कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, आत उतरायला सात पायऱ्या. लग्नानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात काकांनी काकूंना त्याच एसटीनं तिथं नेलं, रीतसर तिकीट फाडून. त्या पाण्याची चव काकूंच्या जिभेवर बसली ती बसलीच. तेव्हापासून दरसाल ऑक्टोबरातला एक रविवार हळदोबाचा. काका गेले तरी नेम मोडला नाही, उलट आम्हीही त्यात ओढले गेलो. आता तर वर्षातून दोन-तीनदा जातो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कच्च्या केळ्याची भाजी, दहीभात, आणि काकू पुढं काठी टेकत.

"घरात बसून माणूस आंबतंय," त्या म्हणतात. "चला उठा."

चढताना त्या थांबत नाहीत, बोलतात. हे तेरड्याचं, ही सोनकी, हिला तोडू नका, ती तिथंच बरी दिसते. माझी दहा वर्षांची लेक अपेक्षा त्यांच्या पदराला धरून चालते आणि शाळेत मी शिकवलेलं नसेल इतकं त्या वाटेवर शिकते.

या ऑक्टोबरात गोष्ट वेगळी होती. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेत. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया ठरली आहे आणि डॉक्टरांनी बजावलंय की नंतर डोंगर विसरा. म्हणजे ही शेवटची चढण. काकूंना एकच हवं होतं, काका बसायचे त्या तिसऱ्या पायरीवर बसून टाक्यातलं ओंजळभर पाणी प्यायचं. निघताना दीपमाला म्हणाली, "काकू, घरचं उकळलेलं पाणी घेऊ या का बाटलीत? वाटेत लागलं तर?" उकळलेलं दिवसभर चालतं त्यांना.

"वर टाकं हाय की," काकू म्हणाल्या. "त्येच्याकडं जाताना कुणी घरनं पाणी नेतं का? त्येचा अपमान हाय त्यो."

वाडीत पोचलो तर पंचवीस-तीस गाड्या. कुणीतरी मोबाईलवर फुलं दाखवली असणार, झालं, सगळा मुलूख लोटला. पायवाटेवर पहिल्याच वळणावर गुटख्याची पिंक, ओली, ताजी. पुढं करवंदीच्या जाळीत बाळाचा लंगोट, वापरलेला, घडी करून नीट टेकवलेला, जणू परत न्यायला येणार आहेत. वेफरची पाकिटं, शेवयांचे डबे, फुटक्या बाटल्या. एक टोळकं स्पीकर लावून सोनकीच्या ताटव्यात लोळून फोटो काढत होतं. हळदोबाच्या ठाण्यावर कुणीतरी ऑइलपेंटनं आपलं आणि आपल्या पोरीचं नाव रंगवलं होतं. मला माणूसजातीचीच किळस आली.

"बघा काकू," मी सारा वेळ बोलत होतो, "ही माणसं. घरात बाप जेवत असताना ताटात थुंकतील का? डोंगरावर थुंकतात. लाज नाही. आपण जानेवारीत आलो होतो, अपेक्षाचा वाढदिवस केला, केक कापला, एक कण तरी ठेवला का मागं? सगळं पिशवीत भरलं, गाठ मी स्वतः मारली."

"व्हय, तू मारलीस," काकू म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या.

त्यांना बोलायला दम नव्हता. दर दहा पावलांनी थांबत होत्या, ओठ कोरडे पडले होते, आणि दीड तासाची वाट आम्हाला तीन तास लागली. वर पोचेपर्यंत एक वाजला होता. दीपमाला अपेक्षाला घेऊन सावलीत जेवण मांडायला थांबली. काकू थेट टाक्याकडं निघाल्या, हातात छोटी पितळी कळशी, तांब्या आणि धुतलेलं पांढरं फडकं. मी मागोमाग.

टाक्यात पाणी होतं. पावसानं चौथ्या पायरीपर्यंत भरलं होतं. पण पाण्यावर तवंग होता, आणि तवंगात तरंगत होत्या बाटल्या, पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, आणि एक कुजका भाताचा लगदा, ज्यावर माश्या बसल्या होत्या. वास आला तसा मी रुमाल नाकाला लावला आणि दोन पावलं मागं सरलो.

काकू दुसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या. मग वाकून त्यांनी कळशीभर पाणी घेतलं, फडक्यातून तांब्यात गाळलं, नाकाशी नेलं. प्यायल्या नाहीत. तांब्यातल्याच पाण्यानं फडकं खळखळलं, आणि ते सगळं पाणी टाक्याला तांब्या टेकवून हळू परत सोडलं.

"काकू, आवं त्या घाणीत काय सोडताय?"

"मग कुठं सोडू? त्येंचं घर हेच हाय न्हवं का."

मग त्यांनी पदर खोचला आणि काठीनं कचरा पायरीकडं ओढायला लागल्या. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांत हाडाला हाड घासतंय, आणि मी वर कातळावर रुमाल धरून उभा. वरून मी पर्यटकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. एकेकाला या टाक्यात बुडवायला पाहिजे, असंही म्हणालो असेन.

काठीला एक फाटकी काळी पिशवी लागली. तिची गाठ शाबूत होती, खालून कुणी जनावरानं फाडली होती. काकूंनी ती पायरीवर घेतली तसा आतून कुजका पुठ्ठा बाहेर आला, आणि पुठ्ठ्यात खोचलेलं गुलाबी प्लास्टिकचं नाव. अपेक्षा. खाली दहाचा आकडा. केकवर लावतात तसलं.

मी ते वरूनच वाचलं.

जानेवारीत काय झालं होतं ते मला पक्कं आठवत होतं. केक खाऊन झाल्यावर पिशवी मीच उचलली. पण तळाशी क्रीम आणि दही मिसळून ठिबकायला लागलं होतं, माझ्या बोटांवर आलं होतं. गाडी नवी होती, दोनच आठवड्यांची. सगळे पुढं उतरायला लागले तसं मी पिशवी टाक्याच्या वरच्या अंगाला, एका धोंड्यामागं ठेवली. टाकली नाही, ठेवली, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खाली आल्यावर काकूंनी विचारलं, तर म्हणालो, वाडीतल्या कचरापेटीत टाकली. पावसाळ्यात वरचं सगळं पाणी त्या धोंड्यावरून टाक्यात उतरतं, हे विज्ञानाच्या शिक्षकाला कळायला हरकत नव्हती.

काकूंनी ते गुलाबी नाव पदरानं पुसलं आणि कमरेच्या पिशवीत टाकलं. वर बघितलं नाही.

मी बूट काढले आणि पाण्यात उतरलो. मांडीपर्यंत. भाताचा लगदा हातानं काढला, बुळबुळीत, बोटांतून निसटणारा. दोनदा ओकारी आली, दोनदा गिळली. त्या पाण्यापेक्षा मला माझीच जास्त घाण वाटत होती. दीपमाला आली, तिनं बघितलं आणि पोती शोधून आणली. तीन वाजेपर्यंत वर येईल तेवढं काढलं. दोन पोती भरली. टाक्यातलं पाणी तरीही पिण्याजोगं झालं नव्हतं, होणारही नव्हतं. काकू तिसऱ्या पायरीवर थोडं बसल्या आणि म्हणाल्या, "चला, उतरायला येळ लागंल."

त्यांच्या घशाला सकाळपासून थेंब नव्हता. वाडीतला आड केव्हाच बुजवलाय, तिथं आता नळ. पोती मी गाडीत मागं ठेवली. घरी पोचायला दोन तास हवेत, आणि सूर्य बुडाल्यावर काकू अन्नपाणी घेत नाहीत. सव्वासहाला बुडतो. काकूंच्या गुडघ्यांना उतरायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. साडेपाचला गाडी सुरू केली तेव्हाच मला गणित कळलं होतं, तरी मी ती हाणली. कऱ्हाडच्या अलीकडं महामार्गावर काम चालू होतं, गाड्यांची रांग. रांगेतच सूर्य उसाच्या मागं गेला. काकूंनी हात जोडले, ओठ हलवत नवकार म्हटला.

"आजी, घोटभर पी ना," अपेक्षानं तिची नळाच्या पाण्याची बाटली पुढं केली.

"आता उद्या गं बाळ."

गाडीत त्या पोत्यांचा वास भरून राहिला होता. काचा खाली करायची माझी हिंमत झाली नाही.

काकूंच्या दारात गाडी थांबवली. दीपमाला आणि अपेक्षा आतच बसून राहिल्या. मी काकूंना हात धरून ओट्यापर्यंत नेलं आणि म्हणालो, "काकू, ती पिशवी माझी होती. मी खोटं बोललो."

"मला ठावं हाय. जानेवारीत परत येताना गाडीला अत्तराचा वास येत हुता. केक-दह्याच्या त्या पिशवीचा न्हाई."

"वाडीत टाकली म्हणालो होतो ना मी. तिथं पेटी..."

"वाडीत पेटीच न्हाई, लेकरा."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"मला वाटलं, तुझं तुला आठवंल. एखाद्या रविवारी जाऊन घिऊन येशील." त्यांची जीभ टाळूला चिकटत होती, शब्द नीट फुटत नव्हते. "नऊ म्हैने वाट बघितली."

कमरेच्या पिशवीतून त्यांनी ते गुलाबी नाव काढून माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या.

सूर्य उगवून दोन घटका, म्हणजे पाऊण तास झाल्याशिवाय त्या पाण्याला शिवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सातला मी आडावर होतो. पाणी शेंदलं, फडकं धरलं, गाळलं. काकू ओट्यावर बसून होत्या, रात्रीत ओठांना चिरा पडलेल्या. सव्वासातला त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि दमादमानं सगळा संपवला. मी बघत राहिलो, मला बघवत नव्हतं तरी.

मग त्यांनी खळखळलेलं फडक्याचं पाणी पोहऱ्यात ओतलं आणि पोहरा माझ्यापुढं धरला.

"जा," म्हणाल्या, "जिथलं तिथं सोडून ये. आणि वरनं टाकू नगंस."