बिनमिठाचं औषध

पुण्याच्या लष्कर भागात इंग्रजांच्या वेळचं औषधाचं एक दुकान होतं. त्याला दुकान म्हणायला माझी जीभ रेटत नसे. दाराला पितळी मुठी, खाली संगमरवरी फरशी, छताला टेकलेली काचेची कपाटं आणि समोरच्या खिडकीत लाल-हिरव्या पाण्यानं भरलेले मोठाले काचेचे बुधले. औषधांबरोबर तिथं विलायती साबण, अत्तरं, दाढीचे ब्रशही मिळत. इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण त्या दुकानाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. आत सगळे हळू आवाजात बोलत आणि निम्मं बोलणं इंग्रजीत चाले.

मी तेव्हा दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो. आमच्या धनगरांच्या वाडीतला पहिला मॅट्रिक, पहिला नोकरदार, पहिला पँट घालणारा. यातलं एकही मी कुणाला विसरू देत नसे. क्वार्टर मिळायची होती, म्हणून बायको आणि आठ महिन्यांची मुलगी शिरूरजवळ वाडीवरच राहत होत्या. मुलीला झटके यायचे. डोळे वर जायचे, मुठी आवळायच्या, ओठ निळे पडायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी मिक्स्चरची चिठ्ठी लिहून दिली आणि बजावलं की हे त्या लष्करातल्या दुकानातूनच करून घ्या, इतरांच्या मापावर माझा भरवसा नाही.

पहिली बाटली मी एकट्यानं आणली. तिनं झटके थांबले. बाटली वाडीवर पोचली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी बूच काढून थेंबभर औषध बोटावर घेतलं आणि चाटलं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. कोकराला काही पाजायचं तर आधी स्वतःच्या जिभेवर. पाला असो, काढा असो, जनावरांच्या डॉक्टरनं दिलेली पूड असो. मेंढीला तोंड आहे पण सांगता येत नाही, तेव्हा आपण चाखून बघायचं, असा त्यांचा हिशेब. पोराचंही तेच. मला मात्र ते अडाणीपणाचं वाटलं आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. आबा फक्त म्हणाले, खारट हाय.

बाटली संपत आली. मला रजा एकाच दिवसाची होती. पुण्याहून वाडीवर औषध पोचवून परत दौंडला ड्यूटीवर येणं जमणारं नव्हतं. तेव्हा असं ठरलं की आबांनी शिरूरहून एस.टी.नं पुण्याला यायचं, मी दौंडहून रेल्वेनं, आणि बाटली हातात पडली की आबांनी तसंच मागं फिरायचं. ठरवताना सोपं वाटलं. पुणे स्टेशनवर आबा दिसले आणि आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही ना, ते मी आधी पाहिलं. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी. घोंगडीला मेंढरांचा वास होता. त्याच वासात मी लहानाचा मोठा झालो होतो, पण त्या दिवशी तो मला पहिल्यांदा आला.

दुकानाशी पोचल्यावर मी त्यांना म्हणालो, आबा, तुम्ही सावलीला बाहेरच थांबा, मी आलोच. ते बरं म्हणाले. मी आत जाऊन चिठ्ठी दिली आणि ऐटीत वेताच्या खुर्चीवर बसलो. औषध तयार व्हायला वेळ लागत असे. आत काचेच्या भिंतीपलीकडे कंपाउंडर खलात काहीतरी घोटत होता. शेजारच्या खुर्चीवर पांढरे हातमोजे घातलेली एक बाई बसली होती. अर्धा तास गेला, आणखी थोडा वेळ गेला, आणि दार ढकलून आबा आत आले. त्यांना एस.टी. चुकायची भीती वाटली असणार. काठी त्यांनी बाहेर टेकवून ठेवली होती आणि आता उंबऱ्याशी वाकून पायातल्या वहाणा काढत होते. औषध देतात ती जागा, तिथं वहाणा घालून कसं जायचं?

बाईनं नाकाला रुमाल लावला. काउंटरवरच्या टायवाल्या माणसानं मला विचारलं, हा तुमच्याबरोबर आहे का.

"गडी आहे आमचा," मी म्हणालो. "औषध न्यायला आलाय."

हे मला कुणी सुचवलं नव्हतं. विचारही करावा लागला नाही. जिभेच्या टोकावर तयारच असल्यासारखं ते बाहेर पडलं. आबा अजून दाराशी वाकलेले होते, तेव्हा त्यांना ऐकू गेलं नसेल अशी मी मनाची समजूत घातली. ते अनवाणी चालत आले आणि माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. मी त्यांना बसा म्हणालो नाही. गड्याला कोण बसा म्हणतं?

तेवढ्यात बाटली आली. माझं नाव, मुलीचं वय, मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी, सगळं बरोबर. मी घेण्याआधीच आबांनी ती उचलली, दातांनी बूच ओढलं, तळहातावर थेंब घेतला आणि त्या चकचकीत दुकानात, सगळ्यांच्या देखत, चाटला. टायवाला ओरडला. हातमोजेवाली बाई उठून उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ह्यात मीठ न्हाई," आबा म्हणाले. "पयल्या बाटलीत व्हतं. ही ती दवा न्हवं."

"गप बस तू," मी म्हणालो. "बाटली दे इकडं."

बापाला मी जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. पण एकदा गडी म्हटल्यावर अहो-जाहो कसं करणार? टायवाला बघत होता ना. आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. बाटली काही त्यांनी दिली नाही. दोन्ही हातांनी घोंगडीआड धरून तसेच उभे राहिले. मी हात पुढं केला तर ते एक पाऊल मागं सरले.

गडबड ऐकून काचेच्या खोलीतून दुकानाचे मालक आले. पारशी, सत्तरीचे, पांढराशुभ्र कोट. त्यांनी काय झालं म्हणून मला विचारलं आणि मी इंग्रजीत माफी मागू लागलो, की खेडवळ माणूस आहे, त्याला समजत नाही. त्यांनी ते पुरतं ऐकलंसुद्धा नाही. आबांपुढं हात केला आणि आबांनी बाटली त्यांना दिली. त्यांनी वास घेतला. मग एक थेंब स्वतःच्या जिभेवर टेकवला. त्यांचा चेहरा उतरला. ते आत गेले आणि कंपाउंडरला काहीतरी विचारलं. बाहेर येताना त्यांच्या हातात दुसरी बाटली होती. दोन बाटल्यांवरच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. माझ्या मुलीचं नाव ज्या बाटलीवर होतं तिच्यात मोठ्या माणसाच्या झोपेचं जबर औषध होतं. मी विचारलं, तेच पाजलं असतं तर? त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

मी तर ती बाटली हिसकावून पिशवीत टाकणार होतो.

मालकांनी स्वतः खुर्ची ओढून आबांना बसायला लावलं. दुसऱ्या बाटलीतला थेंब आधी त्यांच्या तळहातावर टाकला आणि आबांनी चाखून मान डोलावली तेव्हाच बूच लावलं. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं. आबांनी कोकरांचं सांगितलं. मग मालक म्हणाले, बाळाचं नशीब मोठं, तुम्ही बाळाचे कोण?

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. आत्ता सांगायचं असं मी ठरवलंही होतं. पण आबांनी माझ्याआधी उत्तर दिलं.

"म्या गडी हाय साहेबांचा," ते म्हणाले. आणि उठून मला म्हणाले, "चला साहेब, तुमची गाडी चुकंल."

त्यांनी ऐकलं होतं तर. चारचौघांत माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ते स्वतः त्यात जाऊन उभे राहिले होते. तरीही मी, हे माझे वडील आहेत, एवढं म्हणालो नाही. मालकांना नमस्कार केला आणि बाहेर पडलो. एस.टी. स्टँडपर्यंत आम्ही बरोबर चाललो. वाटेत आबा पावसाचं बोलले, एका लंगड्या मेंढीचं बोलले. मी दोनदा "आबा" म्हणून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा गाडी किती वाजता आहे असलं काहीतरी विचारलं.

मुलगी बरी झाली. पुढं शाळेत जाऊ लागली, आणि आबांनी दवा चाखून तिचा जीव वाचवला ही घरातली आवडती गोष्ट झाली. पाहुणे आले की ती आबांच्या मांडीवर बसून पुन्हा सांगायला लावायची. आबा रंगवून सांगत. बुधल्यांतलं लाल पाणी, हातमोजेवाली बाई, पांढऱ्या कोटातले मालक, सगळं येई. आणि दर वेळी ते म्हणत, "म्या आपलं नुसतं म्हनलं, ह्यात मीठ न्हाई. तर तुझ्या बापानं लगीच मालकाला हाक मारली. म्हनला, आमचं आबा म्हंत्यात ते खोटं न्हाई, बघा बाटली."

हे सांगताना ते माझ्याकडे कधीच बघत नसत. आणि मी, त्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत, मान डोलावत ऐकत राहिलो.