पैलवानाची जाड विजार

अंगकाठी काडीसारखी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. वादळात पडलेली, घरांवर कललेली झाडं कापणं हा त्याचा धंदा. चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, हातात आला की गडी रंगात येई. पण हेल्मेट, तोंडापुढची जाळी, कानांवरची झाकणं आणि मशीनपासून पाय वाचवणारी ती गोधडीसारखी जाड विजार म्हटली की कपाळाला आठ्या. "लढाईवर जायचंय का आपल्याला?" असं म्हणायचा.

दोर सांभाळणाऱ्या जोडीदाराचं नाव किरकिऱ्या पडलं होतं, आणि ते काही उगीच नाही. चहा गार, दोर ओला, ऊन फार. सकाळी सुरू झालेली तक्रार घरी जाईपर्यंत संपत नसे. "त्याच्याबरोबर काम म्हणजे डोक्याला ताप," पैलवान बायकोला सांगायचा.

एकदा एका शाळेच्या कुंपणावर झाड आडवं झालं होतं. बहुतेक काम उरकलं, एकच फांदी राहिली. उकाड्याने हैराण होऊन पैलवानाने जेवताना विजार काढून ठेवली होती. जेवण होताच त्याने तसंच मशीन उचललं, तर किरकिऱ्या वाटेत उभा.

"विजार."

"अरे, एक फांदी तर राहिलीय!"

"मग ती मी दातांनी तोडतो. विजार घाल."

"तू काय माझी आई आहेस?"

"आई असतो तर कानाखाली दिली असती. घाल."

पुटपुटत, शिव्या देत पैलवानाने विजार चढवली आणि कामाला लागला.

ती फांदी खोडाखाली धनुष्यासारखी वाकून दबली होती. निम्मी कापली जाताच ती सट्कन उसळली. मशीनला असा हिसका बसला की फिरती साखळी थेट पैलवानाच्या डाव्या मांडीवर आली. वरचं कापड टराटरा फाटलं, आतले पांढरे धागे लोकरीसारखे बाहेर ओढले गेले, साखळीत गुरफटले, आणि मशीन जागच्या जागी बंद पडलं.

पैलवान मटकन खाली बसला. मांडीकडे बघायची त्याची छाती होईना. किरकिऱ्याने धावत येऊन विजारीचे पट्टे सोडले, मांडी चाचपली. ओरखडासुद्धा नव्हता. तो पैलवानाचा पाय धरून नुसता बसून राहिला.

घरी बायकोने फाटलेल्या विजारीत हात घालून बघितला. डोळे पुसले, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चला."

किरकिऱ्याच्या दारातच तिने हात जोडले. "भावजी, आज तुम्ही माझं घर राखलंत."

"अहो वहिनी, विजारीने राखलं," तो ओशाळून म्हणाला.

"विजार घालायला कुणी लावली?" पैलवान पुढे झाला. "मी एवढ्या शिव्या देतो तुला. कशाला माझ्या मागे लागतोस रे?"

"कापणारे पुष्कळ मिळतील. माझी किरकिर ऐकून घेणारा कुठून आणू?"

पैलवान हसायला गेला आणि रडला.

फाटलेली विजार पुन्हा वापरता येत नाही, म्हणून त्याने नवी घेतली. दोघांचं आजही फारसं पटत नाही. पण मशीन सुरू करण्याआधी पैलवान सगळा साज चढवून आपणहून त्याच्यापुढे उभा राहतो. किरकिऱ्या पट्टा ओढून बघतो, "ढिला आहे," म्हणतो. पैलवान मुकाट्याने पाय पुढे करतो.