आत्याच्या हातातला तांब्या

परवा आमच्याकडे भांड्यांना नवीन बाई आली. ती गेल्यावर सूनबाईने सगळे पेले पुन्हा नळाखाली धरले. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "साबण राहतो हो, आई."

तिचं काही चुकलं नाही... साबण राहतोच. पण मला जे आठवलं ते तिला उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही दादरला चाळीत राहायचो. आई, अण्णा, मी आणि अण्णांची मोठी बहीण, आमची आत्या. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. सोवळंओवळं तिचं, स्वयंपाकघर तिचं आणि घरातला शेवटचा शब्दही तिचाच.

अण्णा एका ऑफिसात कारकून. संध्याकाळी ऑफिस सुटलं की थेट सभेला. घरी यायचे ते घसा बसूनच... दिल्लीकरांना काय काय सुनावलं ते आम्हाला खुणेने सांगायचे. आई हसायची आणि हसता हसता तिला धाप लागायची.

ती धाप वाढत गेली. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, हृदय अशक्त झालंय, मोरीत ओणवं बसून भांडी घासणं, पाण्याच्या कळशा उचलणं आता बंद. घरात कामाला बाई ठेवायची की नाही, हा विषय असा निघाला.

आमच्या घरात तोवर कधी बाई नव्हती. मला वाटलं, आत्या आडवी येणार. पण ती स्वतःहून म्हणाली, "ठेव रे बाई. पैशापेक्षा हिचा जीव मोठा. तिने घासलेली भांडी मी विसळून आत घेईन, हिला उठायलासुद्धा नको." खरं सांगते, तिच्या मनात आईबद्दल मायाच होती. बाहेरच्या बाईने घासलेलं भांडं घरातल्या कुणीतरी पाणी घालून विसळायचं आणि मगच फळीवर ठेवायचं, ही तेव्हा घरोघरची रीत. त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे.

लोअर परळहून रखमाबाई आली. नवरा गिरणीत, हिचा हात एकदम झपाट्याचा. राख आणि नारळाच्या शेंडीने तिने पितळेची भांडी अशी लख्ख केली की मी त्यात तोंड बघत बसले. मग आत्या तांब्या घेऊन मोरीपाशी उभी राहिली आणि रखमाबाईच्या देखत एकेक भांडं विसळून आत घेऊ लागली. रखमाबाई पदराला हात पुसत खाली बघत होती.

आई खाटेवरून हे बघत होती. दुसऱ्या दिवशी रखमाबाई आली, तेव्हा आईने तिला दारातूनच परत पाठवलं... आणि धापा टाकत स्वतः मोरीत जाऊन बसली.

आत्या भडकलीच. "कुणाचं काम म्हणून हिला पसंत पडत नाही! मरायचंय का तुला?"

आई म्हणाली, "वन्सं, काम छान होतं तिचं. बाई ठेवा, माझं काही म्हणणं नाही. फक्त तिने घासलेलं पुन्हा विसळू नका."

"का? आपली रीत आहे ती."

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, "माझी आई गिरगावात लोकांची भांडी घासायची. मी तिच्या पदराला धरून जायचे. तिची बोटं राखेने फुटलेली असायची... आणि लोक तिच्यासमोर पुन्हा विसळून घ्यायचे. माझ्या दारात ते नको."

आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच, की आईची आई शिवणकाम करायची आणि लवकर गेली. मामांनी लग्न जमवताना तसंच सांगितलं होतं. आत्या स्वयंपाकघरात निघून गेली. अण्णा वर्तमानपत्रात डोकं घालून बसले. बाहेर अख्ख्या सरकारशी भांडणारा माणूस, पण घरात बहिणीला "राहू दे ना तेवढं" म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही.

आईला त्यावरून कुणी टोचून बोललं नाही. ते मात्र कबूल करायला हवं. सगळ्यांनाच इतकं अवघडल्यासारखं झालं की बाईचा विषयच पुन्हा निघाला नाही. आत्या कळशा उचलू लागली, मीही हाताशी लागेल ते करायचे. पण आत्याचं वय झालेलं, भांडी आईच घासायची. नको म्हटलं तरी ऐकायची नाही.

एके सकाळी ती मोरीतच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळभर आकाशकंदील लागले, पेढे वाटले गेले. अण्णा गॅलरीत एका कोपऱ्यात उभे राहून रडत होते... लोकांना वाटलं, आनंदाने.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. आईचं तेरावं झालं आणि आत्याने स्वतः निरोप पाठवून रखमाबाईला बोलावलं. भांडी घासून झाली. आत्या सवयीने तांब्या भरून मोरीपाशी आली, मी दारात उभी होते. घासलेल्या भांड्यांच्या ढिगात आईचं रोजचं पितळेचं पातेलं वरतीच पालथं घातलेलं होतं.

आत्याने तांब्या खाली ठेवला. पातेलं तसंच उचललं, छातीशी धरलं आणि हमसून हमसून रडायला लागली.

रखमाबाई घाबरली. "काय झालं वो आक्का? डाग ऱ्हायला का?"

"नाही गं बाई," आत्या म्हणाली, "स्वच्छ आहे." आणि ते ओलं पातेलं तिने तसंच फळीवर ठेवलं.

माझ्या आईला एवढंच तर हवं होतं.