आक्काच्या घायपाती

दुपारी जेवून बाजेवर आडवा होतो. डोळा लागला की नाही कळत नाही, पण परसात कुणीतरी पुटपुटतंय एवढं कळतं.

आक्का आहे. माझी थोरली बहीण. तिला जाऊन सहा महिने झालेत. नर्सची पांढरी साडी वर खोचून ती घायपातीसमोर उकिडवी बसलीय आणि जाड पानांच्या काटेरी टोकांवर इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं बसवतेय. नोकरीत असतानाही असंच करायची, पोरांना काटे लागू नयेत म्हणून. सारख्या बदल्या व्हायच्या तिच्या. महिनाभर पाणी नसलं तरी घायपातीचं काही अडत नाही, म्हणून दुसरं काही लावायचीच नाही.

मी घागर पाठीमागे लपवतो. साठी उलटलीय माझी, पण तिच्यापुढे अजून हाफ चड्डीतलाच.

"रोज पाणी घालतूस व्हय रं, रंगा?"

"रोज कुठं? सकाळ-संध्याकाळ."

ती बुडाचं पान ओढते. ते पिचपिचीत होऊन हातात येतं. "शानाच हायेस! घायपात हाय ती, म्हस न्हवं."

मला हसू येत नाही. आक्का आता वॉर्डातल्या कॉटवर आहे आणि घायपाती सलाइनच्या स्टँडला टेकून उभ्या आहेत.

"डॉक्टर नको म्हणाले होते गं," मी म्हणतो. "तू दिवसभर पाणी पाणी करत होतीस, आणि मी ओठांना नुसता ओला बोळा लावला. सांजच्याला तू गेलीस. एक घोट दिला असता तर काय बिघडलं असतं?" बोलता बोलता मी रडतोय.

"तीस वर्सं मीबी लोकांच्या तोंडाला बोळंच लावलं, रंगा. माझ्या वाट्याचं पानी ह्यास्नी पाजून मारू नगंस."

कॉटखाली फरशी नाही, परसातला मुरूम आहे. ती विळा मागते, थोरल्या झाडाच्या बुडातलं पिल्लू दाखवते. "ह्ये अजून चांगलं हाय. कापून आठ दिस सावलीत ठेव. जखम वाळली की मुरमात लाव. मग इसरून जा."

"विसरू कसा, आक्का?"

"झाडाला रं! मला कशापायी इसरतूस?"

मग हात पुढे करते. "आता दे घोटभर."

मी तांब्या देतो. ती वरून धार धरून पिते, थांबतच नाही. ओघळ हनुवटीवरून पदरावर उतरतो. बघून फार बरं वाटतं.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. पिल्लू अजून झाडालाच आहे, विळा शोधायला हवा. झोपताना उशाशी तांब्या काठोकाठ भरून ठेवला होता. तो रिकामा आहे. फरशी कोरडी आहे, आणि माझ्या घशाला कोरड पडली आहे.